टी.वाय. बायोकेमिस्ट्री: पाठ करून पुढे सरकत नाहीये, अभ्यास कसा करू? (सोलापूर)

धोटा

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय बायोकेमिस्ट्री. राहायला अशोक चौकाच्या बाजूला. घरी तेलुगू, दहावीपर्यंत शाळा मराठी, आता पुस्तकं सगळी इंग्रजी. पहिली दोन वर्षं मी पाठांतरावर काढली आणि मार्कही चांगले पडले. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या, क्रेब्ज सायकल, व्हिटॅमिनं, सगळं एका रात्रीत पाठ व्हायचं.

यंदा ते चालत नाहीये. एन्झाइम कायनेटिक्स, बायोएनर्जेटिक्स, मॉलेक्युलर बायोलॉजी तिन्ही एकदम अंगावर आलंय. परवाच्या चाचणीतला प्रश्न असा: मायटोकाँड्रियात ऑलिगोमायसिन टाकलं की ऑक्सिजन वापरणं थांबतं. त्यावर डीएनपी टाकलं की पुन्हा सुरू होतं. पण ऑलिगोमायसिनच्या जागी सायनाइड असेल तर डीएनपी टाकूनही सुरू होत नाही. का? मला तिन्हींच्या व्याख्या येत होत्या, तरी पान कोरं गेलं. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही.

दुसरी शंका: झेरॉक्सच्या नोट्समध्ये एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) आहेत, मॅडम ३२ म्हणतात, लायब्ररीतल्या पुस्तकात ३०. काय लिहायचं?

वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. ते म्हणतात, हे वर्ष झालं की डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कर आणि लॅबमध्ये लाग. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. मला एम.एस्सी. करायचंय. पण त्याआधी हा विषय मला खरंच समजतोय का, ते मला कळायला हवं. ज्यांनी केलाय त्यांनी सांगा.

कडक_भाकरी

पहिलं म्हणजे जेवण सोडू नको बघ. पोटात काय असल्याशिवाय ग्लायकोलिसिस चालत नसतंय.

मंगळवेढ्याचा

@कडक_भाकरी, यकृतात ग्लायकोजेन असतंय की, रातभर पुरतंय. तरी जेव गं बाई.

भीमाकाठ

धोटा, तुझा चाचणीचा प्रश्न उजनी धरणावर बसवून बघ. मला तो तसाच कळला होता.

मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यातली कॉम्प्लेक्स १, ३ आणि ४ म्हणजे धरणात पाणी चढवणारे पंप. एनएडीएच हा रेणू अन्नातले इलेक्ट्रॉन आणून देतो, ते त्यांना चालवतात आणि शेवटच्या पंपाशी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. चढलेलं पाणी म्हणजे प्रोटॉनचा साठा. एटीपी सिंथेस म्हणजे धरणाच्या पायथ्याचं वीजघर.

ऑलिगोमायसिन वीजघराची वाट बंद करतं. पाण्याला उतरायला जागा नाही, धरण काठोकाठ भरतं, पंपांना त्या दाबापुढे पाणी चढवता येत नाही. पंप थांबले की इलेक्ट्रॉन थांबले, म्हणजे ऑक्सिजनही थांबला. डीएनपी प्रोटॉनना पडद्यातून पलीकडे नेतं, म्हणजे भिंतीला भोक पाडतं. साठा उतरला, पंप पुन्हा चालू, ऑक्सिजन वापरला जातोय, पण वीज नाही, नुसती उष्णता. सायनाइड मात्र शेवटचा पंपच मोडतं. पंपच मोडल्यावर भिंतीला भोक असलं काय आणि नसलं काय!

यात व्याख्या एकही नाही. प्रत्येक गोष्टीला एकच विचार: हे बंद पडलं तर मागे काय साचेल आणि पुढे काय अडेल? तिसऱ्या वर्षाचा निम्मा पेपर या एका प्रश्नावर सुटतो.

आणि पान कोरं गेलं म्हणून खचू नको. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा क्षेत्रातल्या जाणत्या लोकांनाही ती पटत नव्हती. ते एटीपीच्या आधीचा कुठलातरी उच्च ऊर्जेचा मधला पदार्थ शोधत बसले होते. मिचेल यांना नोबेल मिळालं १९७८ मध्ये.

चार_दिवसांआड_नळ

उपमा लंगडी आहे. उजनी पावसाने भरते, पंपाने नाही. पुण्याकडे पाऊस झाला की आपलं धरण मायनसमधून प्लसमध्ये येतं.

भीमाकाठ

@चार_दिवसांआड_नळ, भरतं पावसानेच, मान्य. पण उजनीच्या पायथ्याचं १२ मेगावॅटचं यंत्र उलटं फिरवून पाणी परत वर चढवता येईल अशा बनावटीचं आहे. एटीपी सिंथेसही तसंच. प्रोटॉनचा साठा संपला तर ते उलटं फिरून एटीपी खर्चतं आणि प्रोटॉन बाहेर ढकलतं. म्हणून मला ही उपमा सोडवत नाही.

चार_दिवसांआड_नळ

हे माहीत नव्हतं. उपमा मागे घ्यायची गरज नाही मग.

हिशेबनीस

३८, ३२, ३० चं भांडण मिटवतो. तिन्हींत मोजणी तीच आहे, भाव बदललाय.

ग्लायकोलिसिसमधून हातात २ एटीपी आणि २ एनएडीएच. पायरुव्हेटचं असिटिल कोए होताना २ एनएडीएच. क्रेब्ज सायकलच्या दोन फेऱ्यांत ६ एनएडीएच, २ एफएडीएच२ (एनएडीएचसारखाच इलेक्ट्रॉनवाहक), २ जीटीपी (एटीपीच्याच तोलाचे). इथपर्यंत सगळी पुस्तकं एक.

जुना भाव: एनएडीएचला ३, एफएडीएच२ ला २. त्याने ३८ होतात. नवा भाव २.५ आणि १.५. तो आला कुठून? एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन बाहेर जातात, एफएडीएच२ मागे ६. एक एटीपी बनवून मायटोकाँड्रियाच्या बाहेर पोचवायला साधारण ४ प्रोटॉन लागतात. १० भागिले ४, आणि ६ भागिले ४.

आता मोज. आतले ८ एनएडीएच म्हणजे २०, दोन एफएडीएच२ म्हणजे ३, थेट मिळालेले ४. झाले २७. राहिले ग्लायकोलिसिसचे २ एनएडीएच, ते बाहेर सायटोसोलात आहेत, त्यांचे इलेक्ट्रॉन शटल नावाच्या वाटेने आत जातात. मॅलेट-अस्पार्टेट शटलने आत गेले तर ५ मिळतात, एकूण ३२. ग्लिसरॉल फॉस्फेट शटलने गेले तर ३, एकूण ३०. मॅडमही बरोबर, पुस्तकही बरोबर. पेपरात आकड्यासोबत शटलचं नाव लिही.

शेंगाचटणी

हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी ३८ लिहून पास झालेली आहे.

रसायनाचे_सर

मी या विषयाचा निवृत्त शिक्षक. वरचं सगळं छान आहे, पण पाठांतर टाकून द्या असा अर्थ कुणी काढू नये म्हणून लिहितो.

मुली, वीस अमिनो आम्लं संरचनेसह पाठ हवीतच. तीन अक्षरी खूण, एक अक्षरी खूण आणि साखळीतल्या गटाचा पीकेए (ज्या पीएचला तो गट निम्मे प्रोटॉन सोडतो). ॲस्पार्टेट आणि ग्लुटामेट चारच्या आसपास, हिस्टिडीन सहा, सिस्टीन आठच्या थोडं वर, टायरोसीन दहा, लायसीन साडेदहा, आर्जिनीन साडेबारा. एवढं डोक्यात असेल तर एन्झाइमच्या सक्रिय जागेत हिस्टिडीन वारंवार का दिसतं, हे कुणी सांगावं लागत नाही. त्याचा पीकेए पेशीच्या पीएचच्या जवळ आहे, म्हणून ते तिथे प्रोटॉन घेऊही शकतं आणि देऊही शकतं. पाठच नसेल तर हे सुचणार कुठून?

दुधातून केसिन काढायचं प्रात्यक्षिक तुम्ही केलं असेल. पीएच ४.६ ला आणलं की ते खाली बसतं. व्हायवात मी विचारायचो, ४.६ च का? बहुतेक मुलं म्हणत, "तो आयसोइलेक्ट्रिक पॉइंट आहे." मग मी विचारायचो, म्हणजे काय झालं? तिथे शांतता. त्या पीएचला रेणूवरचा निव्वळ भार शून्य होतो, एकमेकांना दूर ढकलणारं काही उरत नाही, कण चिकटतात आणि बसतात. चमचाभर ताक घालून दूध विरजतो तेव्हाही हेच घडतं, फक्त आम्ल जिवाणू करतात.

भीमाकाठ

सर, पूर्ण सहमत. अक्षरं आल्याशिवाय वाचता येत नाही. माझा आक्षेप नुसती अक्षरं घोकण्याला होता.

कडवळ

सायनाइडचा विषय निघालाय म्हणून. मी पशुवैद्यक, बार्शीकडे. आमच्या भागात सायनाइड बाटलीत शोधावं लागत नाही, ते रानात उभं असतं. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा पदार्थ असतो. झाड तो टायरोसीनपासून बनवतं (सरांच्या यादीतलंच अमिनो आम्ल). धुरिन एकीकडे आणि ते फोडणारं एन्झाइम दुसरीकडे, असं पानात वेगवेगळं ठेवलेलं असतं. जनावराने पान चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. पावसाने ताण दिलेली ज्वारी आणि कापणीनंतर फुटलेले कोंब सगळ्यांत वाईट.

तो जाऊन बसतो कॉम्प्लेक्स ४ च्या हीममधल्या लोखंडावर, फेरिक अवस्थेतल्या. भीमाकाठ म्हणतात तो शेवटचा पंप तोच. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पेशींना वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचं रक्त लालभडक दिसतं. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण पुस्तकातली ओळ समोर गाय होऊन पडली होती.

उपचारही तुमच्याच अभ्यासक्रमातला. सोडियम नायट्राइट शिरेतून दिलं की काही हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, म्हणजे फेरिक लोखंड. सायनाइड तिकडे ओढला जातो आणि पंप मोकळा होतो. सोबत सोडियम थायोसल्फेट. त्यातलं गंधक घेऊन ऱ्होडानेज हे एन्झाइम सायनाइडचं थायोसायनेट करतं आणि ते लघवीतून जातं. वेळेत पोचलो तर गाय डोळ्यांदेखत उठते. ती गाय आठवली की डीएनपीचा प्रश्न कुणी चुकणार नाही.

मंगळवेढ्याचा

आमचे आजोबा फुलोऱ्याआधी जनावराला ज्वारीत सोडू द्यायचे नाहीत. कारण आत्ता कळलं.

कडक_भाकरी

मग आपण ज्वारी खातोय ते?

कडवळ

कोरड्या दाण्यात धुरिन जवळपास नसतं. मोड येताना तयार होतं. भाकरी निर्धास्त खा.

शेंगाचटणी

भाकरीचा विषय काढलाच आहे तर: ज्वारीत ग्लुटेन नाही, तरी भाकरी थापता येते कशी? उकळतं पाणी घातल्यावर पिठातला थोडा स्टार्च फुगून चिकट होतो, तो धरून ठेवतो. आणि थंड झालेली भाकरी कडक होते ती नुसती वाळून नाही, स्टार्चच्या साखळ्या परत एकमेकींना लागून रांगेत बसतात म्हणूनही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "पाणी उकळतं हवं एवढं मला आधीच ठाऊक होतं."

तपासनीस

डीएमएलटीबद्दल. मी तेच केलं, बायोकेमिस्ट्रीत बी.एस्सी. करून. सध्या सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. धोटा, ही वाट कमी दर्जाची आहे असं मनात आणू नकोस.

फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी येतात. रक्तातलं कोलिनइस्टरेज हे एन्झाइम बघतो आणि आकडा तळाला गेलेला असतो. ऑर्गॅनोफॉस्फेट त्या एन्झाइमच्या सक्रिय जागेतल्या सेरीनला पक्कं चिकटतं. सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) कितीही वाढवा, ते सुटत नाही. पाम नावाचं औषध ते उपटून काढतं, पण फार उशीर झाला तर तो बंध आणखी पक्का होतो आणि औषधाला दाद देत नाही. म्हणून पहिले तास महत्त्वाचे. अपरिवर्तनीय इनहिबिशन मी टी.वाय.ला दोन ओळींत लिहिलं होतं. आता रिपोर्ट सही करताना ते दर वेळी आठवतं.

पण एक खरं सांगते. यंत्रात नमुना ठेवून आकडा लिहिण्याची सवय लागली की "का" विचारणं सुटत जातं. ती भूक तुझ्यात आहे, तर आधी एम.एस्सी.चा प्रयत्न कर. डीएमएलटी नंतरही करता येतं.

चव्वेचाळीस_अंश

प्रॅक्टिकलबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आमच्या बॅचला एन्झाइमची रीडिंग दर एप्रिलला बिघडायची. एका तासाला आम्हाला आदल्या वर्षीच्या जर्नलमधले आकडे उतरवायला सांगितलं गेलं. मला ते आजही खुपतं, कारण त्या बिघडलेल्या रीडिंगमध्येच खरा धडा होता.

बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, पण ट्रिस बफरचा पीएच तापमानासोबत बदलतो, दर अंशाला साधारण ०.०२८ ने उतरतो. पुस्तकातलं "रूम टेम्परेचर" म्हणजे २५ अंश. आपल्या लॅबमध्ये एप्रिलच्या दुपारी ४०. पुण्याच्या एसी लॅबमध्ये ८.० चं केलेलं बफर इथे ७.६ च्या जवळ येतं. उलट, इथे ४० अंशाला मोजून केलेलं बफर फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवलं तर पीएच जवळजवळ एकने चढतो. एकने म्हणजे हायड्रोजन आयन दहापट कमी! फॉस्फेट बफर तापमानाने फारसा हलत नाही. हे मला दोन वर्षांनी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या लॅबमध्ये कळलं.

तेव्हा जर्नलमध्ये तापमान लिहा. रीडिंग चुकलं तर चुकलेलं लिहा आणि शेजारी का चुकलं असावं ते लिहा.

रसायनाचे_सर

@चव्वेचाळीस_अंश, आकडे उतरवायला सांगणं चूकच होतं. एक शिक्षक म्हणून वाईट वाटलं.

सीनाकाठी

धोटा, घरी तेलुगू म्हणालीस म्हणून. फॉस्फरस मोजायची फिस्के-सुब्बाराव पद्धत तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये असेल, १९२५ ची. त्यातले यल्लाप्रगडा सुब्बाराव भीमावरमचे, तेलुगू घरातले, जन्म १८९५. मॅट्रिकला दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाले. मद्रासला वैद्यक शिकून हार्वर्डला गेले. ज्या एटीपीचा हिशेब वर चाललाय, ते एटीपी स्नायूंत असतं हे १९२९ मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांनी शोधलं, जर्मनीत लोहमान यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे. आमच्या पद्मशाली गल्लीत मी हे नाव पोरांना मुद्दाम सांगतो.

आणि इंग्रजीचं म्हणशील तर शब्द इंग्रजीच राहू दे, वाक्य मात्र आधी मराठीत किंवा तेलुगूत बोल. दहावीला आपण एन्झाइमला विकर म्हणत होतो, तो शब्द आला तरी गोष्ट तीच राहते.

सायझिंगवाला

तुझ्या वडिलांच्या मागावरच एन्झाइम आहे. ताण्याचं सूत तुटू नये म्हणून त्याला खळ देतात, ती बहुधा स्टार्चची. कापड विणून झालं की ती काढावी लागते, नाहीतर रंग नीट धरत नाही आणि टॉवेल पाणी शोषत नाही. पूर्वी त्यासाठी आम्लही वापरायचे, पण ते सुताचा सेल्युलोजही खातं. अमायलेज फक्त स्टार्च तोडतं, सुताला हात लावत नाही, कारण ग्लुकोजमधला बंध स्टार्चमध्ये अल्फा आणि सेल्युलोजमध्ये बीटा. आमच्याकडे खळ निघाली की नाही ते आयोडीनचा थेंब टाकून बघतात. निळा आला तर अजून बाकी आहे. तुमच्या लॅबमध्ये हाच थेंब टाकतात.

भीमाकाठ

एम.एस्सी.साठी: 'जॅम' या देशपातळीवरच्या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतला बायोटेक्नॉलॉजीचा पेपर बघ. तीन तास, १०० गुण, ६० प्रश्न. काही प्रश्नांत पर्याय नसतात, आकडा काढून टाकावा लागतो, आणि त्यात चुकीला गुण कापत नाहीत. कायनेटिक्सची गणितं तिथे उपयोगी येतील. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही बायोकेमिस्ट्रीचा विभाग आहे, घरापासून फार लांब नाही.

धोटा

सगळ्यांना नमस्कार. तीन आठवड्यांनी लिहितेय, परीक्षा चालू होती.

मिखाएलिस-मेंटेन (एन्झाइमच्या वेगाचं समीकरण) मला अजून बसत नव्हतं. सायझिंगवाल्या दादांचं वाचून मी एका रात्री नानांना, म्हणजे वडिलांना, मागाच्या भाषेत सांगायला बसले. शेड म्हणजे पेशी, माग म्हणजे एन्झाइम, सुताच्या कांड्या म्हणजे सब्स्ट्रेट. कांड्या कमी असतील तर माग रिकामे उभे, टॉवेल कमी. कांड्या वाढवल्या की टॉवेल वाढतात, पण सगळे माग चालू झाले की त्यापुढे कितीही कांड्या आणा, टॉवेल तेवढेच. तो व्हीमॅक्स. ज्या भरतीला निम्मा माल निघतो ती केएम. दहा टक्क्यांवरून नव्वद टक्के मालावर जायला कांड्या ८१ पट लागतात, हे मी त्यांना कागदावर करून दाखवलं. ९ केएमला केएमच्या नवव्या भागाने भागलं.

नाना ऐकून म्हणाले, "आणि कुणी मागावर तुटक्या सुताच्या कांड्या चढवल्या तर?" मी म्हटलं, चांगल्या कांड्यांचा ढीग लावला तर त्या मागे पडतील, शेवटी माल तेवढाच निघेल, फक्त ढीग मोठा लागेल. बोलता बोलता लक्षात आलं की हे कॉम्पिटिटिव्ह इनहिबिशन आहे. व्हीमॅक्स तोच, केएम वाढला.

मग ते म्हणाले, "आणि निम्म्या शेडची लाईट गेली तर? मग कांड्या घेऊन काय करशील?"

नॉनकॉम्पिटिटिव्ह. माझ्या नानांनी विचारलं. ते चौथी शिकलेत.

पेपरात नेमका दोन्हींचा फरक आला, लाइनवीव्हर-बर्कच्या आलेखासह. मी रेषा पाठ केल्या नव्हत्या, मागावरून काढल्या. पहिल्यात रेषा उभ्या अक्षावर एकाच जागी मिळतात, दुसऱ्यात आडव्या अक्षावर. सर, अमिनो आम्लं पाठ केली, वीसही. एटीपीच्या उत्तरात शटलचं नाव लिहिलं. जेवतेही वेळेवर.

जॅमचा फॉर्म भरायचं घरी ठरलंय. नाना म्हणाले, एक वर्ष बघू.

आता प्रोजेक्ट. मोड येणाऱ्या ज्वारीत अमायलेज दिवसागणिक किती वाढतं ते डीएनएसए पद्धतीने (सुटलेली साखर रंगावरून मोजून) बघायचंय, बफर फॉस्फेटचं, आणि तापमान रोज लिहिणार. दुकानातली ज्वारी आणली तर निम्मीला मोडच आले नाहीत. चांगली कुठे मिळेल?

कडवळ

भारी विषय. त्या मोडांत धुरिन असणार, कच्चे कुणी तोंडात टाकू नका. वाटण करताना खिडक्या उघड्या ठेवा, वासाची वाट बघू नका.

मंगळवेढ्याचा

दुकानातली जुनी असती, कधी औषध मारलेली असती. आमच्या रानातली मालदांडी देतो, यंदाचीच, बियाण्याला काढून ठेवलेली. शनिवारी एसटीने सोलापूरला येणाराय. किती पाहिजे?

धोटा

अर्धा किलो पुरे दादा. पाच दिवस, रोज तीन लहान नमुने.

मंगळवेढ्याचा

दोन किलो आणतो. उरलेल्याच्या भाकऱ्या करा घरी.

कडक_भाकरी

पाणी उकळतं घ्या.